अवधूतकडचे चार दिवस

डायनिंग टेबलावर अवधूतचा फोन उताणा पडला होता आणि अवधूत ओट्यापाशी पाठमोरा उभा राहून चहा गाळत होता. तेवढ्यात फोन उजळला आणि त्यावर वल्लरीचं नाव आलं. नावाखाली एकच ओळ होती, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, ती पहिल्यापासून लिहिते तसं: काका, बाबांना अजून काही कळू देऊ नका. त्र्यंबकने ती कालच मिळालेल्या नव्या चष्म्यातून स्वच्छ वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि फोन विझला. अवधूत दोन कप घेऊन आला, त्याने टेबलाकडे पाहिलं, त्र्यंबककडे पाहिलं, आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवता सरकवता अगदी सहज फोन पालथा घातला. मेसेजचं एक वेळ काहीतरी वेगळं असेल असं म्हणता आलं असतं. पण फोन पालथा घालणारा माणूस तो उगाच घालत नाही. त्र्यंबकने चहात बिस्कीट बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं, आणि चमच्याने ते काढत बसायच्या निमित्ताने त्याने मान खाली ठेवली.

"साखर बरोबर आहे ना रे?" अवधूतने विचारलं.

"आहे."

म्हणजे वल्लरीसुद्धा. विनीता आणि नैना ह्या दोघी एकमेकींना सामील आहेत हे त्याने मनाशी केव्हाच पक्कं केलं होतं. थोरली मिशिगनमधल्या नोव्हायहून फोन करते, मधली जॉर्जियातल्या अल्फारेटाहून उचलते, आणि दोघींच्या बोलण्यात 'बाबा' हा शब्द आला की दोघींचा आवाज एकदम उतरतो, हे त्याने भिंतीपलीकडून किती वेळा ऐकलं होतं. धाकटी मात्र कोणाच्याच बाजूला नव्हती, कारण तिच्याशी तीन वर्षं बोलणंच नव्हतं. बोलणं नाही म्हणजे कट नाही, एवढ्या एका हिशेबावर विसंबून तो बुधवारी विमानात बसला होता. थेट तिच्या दारात जाऊन उभं राहायचा धीर झाला नाही, म्हणून तिच्याच गावात, टेक्सासमधल्या फ्रिस्कोत, मुलाकडे राहायला आलेल्या जुन्या मित्राला, अवधूतला, त्याने विमानतळावरून एका अनोळखी बाईच्या फोनवरून फोन केला. तिथपर्यंत सगळं आपल्याच डोक्याने चाललं आहे असं त्याला वाटत होतं. आता मागे वळून पाहताना एकेक गोष्ट उठून दिसायला लागली. विमानतळावर अवधूतने त्याला लांबून पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. पडणारच; दहा दिवसांची दाढी, शर्टावर आमटीचा डाग, चष्म्याच्या एका काचेला चिकटपट्टी, आणि पायांत मोज्यांवर घातलेल्या चपला, ज्या नैनाच्या कुत्र्याला फिरवायला नेताना तो घालत असे. अवधूतने मिठी मारली, "बस हं, आलोच," म्हणाला आणि खांबाआड जाऊन बराच वेळ फोनवर बोलला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्या वेळी त्र्यंबकला वाटलं, चला, कोणाला तरी आपल्यासाठी भरून आलं. आता वाटत होतं, की एवढा वेळ नेमकं कोणाशी बोलत होता?

आणि मग सुरू झाली ती सरबराई. त्याच संध्याकाळी न्हावी. "अरे, माझेही वाढलेत, चल बरोबरच जाऊ," असं अवधूत म्हणाला, ज्याच्या डोक्यावर मोजून मूठभर केस होते. गुरुवारी सकाळी डोळ्यांचा डॉक्टर, दुपारी साधा डॉक्टर, ज्याने रक्त घेतलं, वजनकाट्यावर उभं केलं आणि अवधूतकडे पाहून मान हलवली. पेशंटकडे नाही, अवधूतकडे. मग बूट. त्र्यंबकने पाकीट काढलं तर अवधूतने त्याचा हात दाबून धरला, "तू ठेव, ते झालंय." झालंय म्हणजे काय? कोणी केलं? मग दोन पँटी, तीन शर्ट, एक कोट. अवधूतची सून सावनी कामावरून येऊन त्याच्यासाठी रोज वेगळं काहीतरी करत होती, मऊ भात, दोडक्याची भाजी, साजूक तुपातला शिरा, आणि जेवताना त्याच्या ताटाकडे बघत होती. माणूस किती खातो हे कोण बघतं? जो ते पुढे कोणाला तरी सांगणार असतो तो बघतो. त्र्यंबकने त्या रात्री मुद्दाम शिरा दुसऱ्यांदा घेतला नाही, आणि मग आपणच आपल्याला मूर्ख ठरवलं, कारण शिरा चांगला झाला होता.

संशय हा त्याचा पोटापाण्याचा धंदा होता हे इथे सांगायला हवं. डेट्रॉइटजवळच्या ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत त्याने चौतीस वर्षं चाचणी विभागात काढली. बाकीचे इंजिनिअर वस्तू चालावी म्हणून डोकं लढवत. त्र्यंबक ती कशी बंद पडेल ह्याचा विचार करण्याचा पगार घेत असे. गोठलेल्या रस्त्यावर, खारट पाण्यात, उतारावर, भरलेल्या गाडीत तो ब्रेक लाव-लाव लावायचा, आणि शंभर वेळा लागला तरी त्याचं समाधान व्हायचं नाही. सुमित्रा, त्याची बायको, म्हणायची, "तुम्ही घरी येताना ते मशीन ऑफिसात ठेवून येत जा हो." ती होती तोवर ते मशीन निदान पोरींवर चाललं नाही. ती गेली, आणि दोन वर्षांनी त्र्यंबकची पंच्याहत्तरी आली.

पंच्याहत्तरी नोव्हायला हॉल घेऊन झाली. पंच्याहत्तर वातींचं ताट, पुरणपोळ्या, जावई, नातवंडं, त्याच्या शनिवारच्या अड्ड्यातले बाराच्या बारा म्हातारे सपत्नीक हजर. त्याची एकच अट होती: तिन्ही मुलींनी माइकवर, मराठीतून, बाप आपल्याला काय वाटतो ते सांगायचं. मुली इथेच जन्मलेल्या. मराठी समजायचं, बोलताना अडखळायचं. म्हणूनच तर ती परीक्षा. आणि परीक्षेनंतर निकाल, म्हणजे आपण कोणाला काय देणार तेही तो तिथल्या तिथेच सांगणार होता. हे मुलींना माहीत होतं. विनीताने फोनवरून वाचलं. 'वटवृक्ष' म्हणाली, 'कृतार्थ' म्हणाली, 'आपल्या छत्रछायेखाली' म्हणाली. जिला आजवर 'पातेलं' आठवायला अर्धा मिनिट लागे ती पोरगी 'कृतार्थ' कुठून शिकली, हा प्रश्न त्या दिवशी त्र्यंबकला पडला नाही. नैनाचं त्याहून लांब होतं, त्यात 'देवमाणूस' तीनदा आलं आणि तिसऱ्या वेळी त्याचे डोळे भरून आले. पुण्याच्या कुठल्याशा मावशीने दोघींनाही लिहून पाठवलं होतं हे त्याला पुढे वर्षभराने कळलं. मग वल्लरी उठली. तिच्या हातात कागद नव्हता, फोनही नव्हता. ती म्हणाली, "बाबा, माझं तुमच्यावर प्रेम आहे. मुलीचं बाबांवर असतं तेवढं आहे. तुम्ही चुकता तेव्हा मला राग येतो, आणि तुम्ही खूप वेळा चुकता. आईवर तुम्ही ओरडायचात ते मला आवडायचं नाही. पण तरी आहे. बस. जास्तीचं मला बोलता येत नाही." हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. त्र्यंबकने माइक घेतला. घर विनीताला, तळ्याकाठची केबिन आणि भोवतालची जमीन नैनाला, आपण स्वतः सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे; आणि वल्लरीला तिचं खरं बोलणं पुरेल. लोक हसले. वाक्य चांगलं जमलं होतं, आणि पुढे कितीतरी महिने तो ते मनातल्या मनात म्हणून बघायचा आणि खूश व्हायचा. वल्लरी तेव्हा रडली नाही, भांडली नाही. सगळे गेल्यावर तिने बहिणींबरोबर टेबलं पुसली, उरलेल्या पोळ्या फॉइलमध्ये बांधल्या आणि नवऱ्याबरोबर विमानतळावर गेली. तिने नंतर फोन केले होते. त्याने उचलले नाहीत, आणि मग ते यायचे थांबले.

पुढचं सगळं इतकं हळूहळू झालं की नेमकं बोट कशावर ठेवावं हे कळेना. विनीता नवरा-मुलांसकट त्याच्या घरात राहायला आली. आधी आपण तिच्याकडे राहतो असं तो गमतीने म्हणायचा, मग ती गंमत राहिली नाही. दर शनिवारी तळघरात त्याचा अड्डा भरायचा. बारा म्हातारे, पत्त्यांचे दोन डाव, मोठमोठ्याने राजकारण, आणि दाराशी बुटांचा ढीग. "बाबा, बाराच्या ऐवजी सहा जणांना बोलवाल का?" विनीताने फार गोड आवाजात विचारलं, "मुलांचा अभ्यास असतो, आणि मला आठवड्यात एकच दिवस झोपायला मिळतो." त्याने रागारागाने बॅग भरली आणि ठरल्याआधीच नैनाकडे अल्फारेटाला गेला. तिथे त्याच्या ओळखीचे सहाही जण नव्हते, तीन जमवले. नैनाच्या नवऱ्याचं, यतीनचं, घरून काम चालायचं. तिघांचे दोघे झाले, दोघांचा एक, आणि मग एकालाही प्रत्यक्ष येण्याऐवजी फोनवर भेटा, तोही कानात हेडफोन घालून, असं ठरलं. गाडीची किल्ली डॉक्टरांच्या सांगण्यावरून कपाटात गेली. ह्यातलं एकेक वेगळं काढून पाहिलं तर प्रत्येकाला काही ना काही कारण होतं, आणि बारा म्हाताऱ्यांचे बूट दर शनिवारी ओलांडायचे म्हटल्यावर कोणाही बाईचं डोकं उठेल, हे त्यालाही एखाद्या बऱ्या दिवशी कबूल असे. पण बरे दिवस कमी यायला लागले. मंगळवारी संध्याकाळी नैनाच्या ओट्यावर त्याला एका वृद्धनिवासाची चकचकीत पुस्तिका दिसली. मुखपृष्ठावर पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं, मागे कारंजं, आत खोल्यांचे नकाशे. ती त्याने चाळून होती तशी ठेवली. सकाळी घर रिकामं झाल्यावर त्याने फ्रिजवर चिठ्ठी लावली, 'मी जातो', आणि टॅक्सी बोलावली. फोनचा चार्जर तिथेच राहिला.

अवधूतकडे फोन चार्ज झाला तेव्हा त्यात नैनाचे एकोणीस मिस्ड कॉल होते. सगळे बुधवारचे. दुपारी तीननंतर एकही नाही. चिठ्ठी लावून बाप निघून गेलेला, आणि मुलगी तीन वाजता एकदम शांत होते, ह्याचा अर्थ एकच. तिला कोणीतरी कळवलं. अवधूत तीन वाजताच तर खांबाआड गेला होता. म्हणजे खांबाआडून वल्लरी, वल्लरीकडून नैना, नैनाकडून विनीता. असं असतं ब्रेकच्या पाइपचं जाळं. पाय एकीकडे दाबायचा आणि दाब चारी चाकांना एकदम पोचायचा. आणि काल संध्याकाळी अवधूतकडे जमलेले ते पाच म्हातारे! "इथला आपला ग्रुप," अवधूत म्हणाला होता. सगळे कसे आपुलकीने विचारत होते, झोप लागते का, गुडघे कसे आहेत, पत्त्यांत काय खेळता. एक जण तर म्हणाला, "इकडेच या राहायला, फार छान कम्युनिटी आहे." कम्युनिटी. त्या चकचकीत पुस्तिकेवरही हाच शब्द होता. न्हावी, डॉक्टर, वजन, कपडे, बूट. कुठेतरी भरती करण्याआधी माणसाला जसं तयार करतात तसं आपल्याला तयार करताहेत, हे त्याला आता, हातात थंड होत चाललेला कप धरून, इतकं लख्ख दिसलं की आधी कसं दिसलं नाही ह्याचंच नवल वाटलं.

"अवधूत," तो म्हणाला, "मला आज वल्लरीकडे सोडतोस का?"

"आज?" अवधूतने बिस्किटाचे चुरे बोटाने गोळा केले. "आज शुक्रवार, ती कामावर असेल ना. थांब की रे अजून एक दिवस. कोटाच्या बाह्या आखूड करायला दिल्यात, त्या येऊ देत."

"तिला भेटायला कोट कशाला लागतो?"

"असं रे काय करतोस. चांगला दिसतोस तू कोटात."

त्र्यंबक त्याच्याकडे बघत राहिला. हा माणूस पंचेचाळीस वर्षांपूर्वी, दोघंही नवे असताना, बर्फात अडकलेली त्र्यंबकची गाडी ढकलताना पडला होता आणि हात मोडून घेतला होता. पत्त्यांत ह्याला कधी थाप मारता आली नाही. हातात एक्का आला की कान लाल व्हायचे. आत्ताही कान लाल होते. असा माणूसही फितूर होतो म्हटल्यावर पुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता.

अवधूत "जरा शिंप्याकडे जाऊन येतो" म्हणून बाहेर पडला. तो गेल्यावर त्र्यंबक पाहुण्यांच्या खोलीत गेला आणि आपली जुनी बॅग पलंगावर ठेवून बसला. खिडकीबाहेर एकसारखी विटांची घरं, एकसारखी कोवळी झाडं, प्रत्येकाला काठीचा टेकू, आणि पलीकडे सहापदरी रस्ता, ज्यावर चालणारं माणूस तीन दिवसांत एकही दिसलं नव्हतं. बॅग भरायला पाच मिनिटं लागली. नवे कपडे त्याने कपाटातच ठेवले, बूट पलंगाखाली सारून दिले, चपला पायांत घातल्या आणि टॅक्सी बोलवायला फोन काढला. कुठे जायचं ते लिहायच्या चौकटीशी येऊन मात्र बोट थांबलं. नोव्हायच्या घरात विनीता, अल्फारेटात ती पुस्तिका. इथून विमानतळ, आणि विमानतळावरून? घर देऊन टाकलेल्या माणसाला तिसरं दार नसतं, चौथं तर नसतंच. वल्लरीवर त्याचा राग होता असं तो तीन वर्षं समजत आला होता, पण खरं म्हणजे तिला त्याने राखून ठेवलं होतं. सगळ्यांनी पाठ फिरवली तरी खरं बोलणारी एक कुठेतरी आहे, तिच्याकडे कधीही जाता येईल, ह्या भरवशावर त्याने बाकी दोघींशी एवढी भांडणं करून घेतली होती. तीच जर लपवाछपवी करत असेल तर काही उरलं नाही. त्याला रडू आलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी परक्या पलंगावर बसून तो लहान मुलासारखा रडला आणि नव्या चष्म्याच्या काचा शर्टाच्या टोकाला पुसत राहिला.

खाली गॅरेजचं दार वाजलं. अवधूतची नात रुही शाळेतून आली होती, सोळा वर्षांची, दिवसभर कानात काहीतरी घालून फिरणारी. दार उघडंच होतं. तिने डोकावून पाहिलं. "आजोबा, आर यू बिझी?" तिने बॅगेकडे पाहिलं असेलही, पण ह्या वयाच्या मुलांना बॅगा दिसत नाहीत. तिला श्रोता हवा होता. सोमवारी वर्गात एका जुन्या दंतकथेवर बोलायचं होतं आणि सराव करायचा होता. "टेन मिनिट्स फक्त. आईला वेळ नाहीये, अवधूतआजोबा झोपतात." त्र्यंबकने मान हलवली. टॅक्सी दहा मिनिटांनी बोलावली असती तरी चाललं असतं, जायचं कुठे हेच ठरत नव्हतं.

ती कार्पेटवर मांडी घालून बसली आणि कागदाकडे बघत अर्ध्या इंग्रजीत, अर्ध्या मराठीत सांगू लागली. फार जुना एक राजा, ब्रिटनचा, खरा की खोटा कोणाला माहीत नाही. त्याला तीन मुली. म्हातारपणी त्याला राज्य वाटायचं होतं, तर त्याने तिघींना विचारलं, तुमचं माझ्यावर किती प्रेम आहे? पहिल्या तीन वाक्यांतच त्र्यंबक सावध झाला. हिला कोणी शिकवून पाठवलं? अवधूतने? तो उठून उभाच राहणार होता. पण पोरगी मान खाली घालून वाचत होती, मध्येच अडखळत होती, एका नावावर थांबून "डोन्ट नो हाऊ टू से इट" म्हणत होती, आणि तिच्या कागदावर शाळेचं नाव, बाईंच्या लाल खुणा, सगळं होतं. थोरल्या दोघींनी वाट्टेल ते सांगितलं, राज्य त्यांना मिळालं. धाकटीने साधं काय ते सांगितलं, तिला काही मिळालं नाही, ती लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली. मग राजा थोरल्यांकडे राहायला गेला. "त्याच्याबरोबर त्याची माणसं होती, नाइट्स. तर मुली म्हणाल्या, एवढे कशाला? अर्धे करा. मग अजून अर्धे. मग एकच ठेवा. इट्स काइंड ऑफ फनी, बट ऑल्सो मीन."

"मग?" त्र्यंबकने विचारलं.

"मग तो बोटीतून धाकटीकडे गेला. म्हणजे, हे ओल्ड व्हर्जन आहे हं. नंतरच्या लोकांनी एंडिंग बदललं, त्यात सगळे मरतात. मला हे जास्त आवडतं." ती पान उलटून, आता कागदाकडे न बघता सांगू लागली. राजा गावाबाहेर थांबला, फाटक्या कपड्यांत, उपाशी, आत जायची त्याला लाज वाटत होती. त्याने बरोबरच्या माणसाकडे निरोप दिला. मुलगी रडली. पण ती धावत गेली नाही. तिने त्या माणसाला गुपचूप सांगितलं, बाबांना दुसऱ्या गावी ने, आजारी आहेत म्हण, त्यांना आंघोळ घाल, चांगलं खायला घाल, नवे कपडे कर, त्यांच्याबरोबर चार माणसं दे, आणि ते नीट दिसायला लागले की मग त्यांनीच निरोप पाठवू दे की मी भेटायला आलोय. "बिकॉज तिच्या नवऱ्याने, त्याच्या लोकांनी, तिच्या बाबांना तसं बघितलं तर ही वुड फील सो स्मॉल, यू नो? तिने नवऱ्यालापण सांगितलं नाही. दॅट्स माय मेन पॉइंट. सगळे म्हणतात धाकटी ऑनेस्ट होती. पण मला वाटतं ती जे लपवते ना, ते जास्त महत्त्वाचं आहे." तिने वर पाहिलं. "टू लाँग झालं का? आजोबा? आर यू ओके?"

"चांगलं झालं," त्र्यंबक म्हणाला. "काही बदलू नकोस."

ती गेल्यावर त्याला एक गोष्ट आठवली. वल्लरीच्या घरी सध्या तिच्या सासूबाई, रत्नाताई, बडोद्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आहेत, हे अवधूत बोलता बोलता कधीतरी म्हणाला होता, आणि त्र्यंबकने ते सोडून दिलं होतं. विहीणबाई! लग्नात त्याने ह्याच विहीणबाईंसमोर घड्याळ दाखवून, आवाज चढवून, जेवणाची पंगत अर्धा तास आधी बसवायला लावली होती. त्यांच्या पुढ्यात आमटीच्या डागासकट, कुत्र्याला फिरवायच्या चपला घालून, चिकटपट्टीतून बघत उभे राहिलेले आपण त्याला दिसलो. तेवढं एक वल्लरीने टाळलं होतं. त्याचं चाचणीचं यंत्र तरी लगेच थांबलं नाही. कशावरून, कशावरून, असं ते आतल्या आत घरघरत राहिलं. पण त्याने बॅग उघडली, रिकामी केली, आणि पलंगाखालून बूट बाहेर ओढले.

अवधूत कोट घेऊन आला तेव्हा त्र्यंबक बैठकीत पेपर वाचत होता. "काय रे," तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मी म्हणतो, वल्लरीला एक फोन करावा का? इथवर आलोच आहे तर."

"अरे वा!" अवधूत इतक्या जोरात म्हणाला की कोट हँगरवरून घसरला. "हे तर मला सुचलंच नाही!" कान लालबुंद झाले होते. त्र्यंबकने त्या कानांकडे पाहिलं नाही. फोन त्याने आपल्याच हाताने लावला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बाबा? कुठून बोलताय तुम्ही?"

"इथूनच. अवधूतकडे आलो होतो चार दिवस, सहज. म्हटलं तू घरी असशील तर..."

"उद्या दुपारी जेवायला या," वल्लरी म्हणाली. मग थांबून, "काकांना आणि त्यांच्या ग्रुपला पण आणा. खूप केलंय मी."

शनिवारी दोन गाड्या निघाल्या. पाचही म्हातारे इस्त्रीचे कपडे घालून, एकाच्या हातात मिठाईचा डबा, एकाच्या हातात कुंडी. त्र्यंबक पुढच्या सीटवर कोट घालून ताठ बसला होता. आता दार उघडलं की कळेल, असं त्याला वाटत होतं. तिच्या चेहऱ्यावर कीव असेल तर ती दिसेल. जावयाच्या डोळ्यांत 'सगळं माहीत आहे' असं काही असेल तर तेही आपल्या नजरेतून सुटणार नाही. दार जावयाने, देवांगनेच उघडलं. "बाबा! व्हॉट अ सरप्राइज!" त्याने वाकून नमस्कार केला, मागचे पाच जण बघून तो भांबावला, हसला, "या या, सगळे या" म्हणत बाजूला झाला. ते भांबावणं खरं होतं. चौतीस वर्षं खोट्यातून खरं वेगळं काढणाऱ्या माणसाला तेवढं नक्की कळलं. ह्या पोराला काहीही माहीत नव्हतं. त्याच्या मागून रत्नाताई आल्या, पदर सावरत, डोक्यापासून बुटांपर्यंत एक नजर टाकत. "या व्याहीबुवा. तब्येत छान दिसतेय हो," त्या म्हणाल्या, आणि लगेच, गोड हसून, "पण असं अचानक? तीन वर्षांत लेकीकडे कधी फिरकला नाहीत, साधा फोन नाही. आम्ही म्हणत होतो, काय झालं तरी काय!"

सगळे थांबले. पाचांपैकी एकाने कुंडी ह्या हातातून त्या हातात घेतली. त्र्यंबकने कोटाचं बटण चाचपलं. स्वयंपाकघराच्या दारातून वल्लरी पुढे आली. हात पिठाने भरलेले, केसांत दोन-तीन पांढरे, जे त्याने कधी पाहिले नव्हते. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सासूबाईंच्या डोळ्यांत बघत होती.

"अचानक कुठे, आई?" ती म्हणाली. एकही शब्द न अडखळता, सलग, स्वच्छ मराठीत. "तीन वर्षं मीच मागे लागले होते, यांनाच वेळ मिळत नव्हता. आणि फोन तर दर रविवारी करायचे, मी ऑफिसला जाताना. देवांगला काल सांगितलं होतं मी, बाबा उद्या येणार म्हणून. त्याच्या लक्षात नसेल."

"मला?" देवांगने डोकं खाजवलं. "ओह. सांगितलं असेल. सॉरी हं बाबा."

रविवारी ती ऑफिसला जातच नव्हती. हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं असतं, कोणी क्षणभर विचार केला असता तर. एका शब्दासाठी बापाचं घर जाऊ देणारी ही मुलगी दारात उभी राहून धडधडीत, गचाळ, पकडलं जाईल असं खोटं बोलत होती, आणि तिची मान ताठ होती. त्र्यंबकला आपली भयंकर लाज वाटली आणि त्याच वेळी एवढा आनंद झाला की छातीत दुखलं. रत्नाताई आता त्याच्याकडे वळून बघत होत्या, उत्तराची वाट पाहत.

"हो ना," तो म्हणाला. "मलाच वेळ मिळत नव्हता."